ट्रायल पुण्यात, पेशंट कोल्हापुरात: मेंदू-मज्जेच्या आजारांवरच्या औषध-चाचणीत जाण्याआधी

कोल्हापुरात न्यूरॉलॉजिस्ट आहेत, एमआरआय आहे, सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय आहे. तरीही एएलएस (हालचाल घडवणाऱ्या मज्जापेशी मरत जाऊन स्नायू सुकण्याचा आजार), पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा स्नायूंच्या एखाद्या आनुवंशिक आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी शोधायला बसलात की केंद्रांचे पत्ते बहुतेक पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद असेच निघतात. मधुमेही न्यूरोपॅथीच्या, म्हणजे साखरेमुळे नसा खराब होण्याच्या आजाराच्या चाचण्या त्यातल्या त्यात लहान शहरांपर्यंत येतात. म्हणजे इथला पेशंट महिन्यातून एखादा दिवस तज्ज्ञांच्या नजरेखाली असतो आणि बाकीचे दिवस घरी, सव्वादोनशे किलोमीटर लांब. लोक औषधाबद्दल शंभर प्रश्न विचारतात, पण घरी काढायच्या त्या दिवसांबद्दल फारसं कोणी विचारत नाही. पेशंटच्या नातेवाइकांबरोबर बसून चाचण्यांचे कागद वाचण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. म्हणून हा लेख मुद्दाम त्या बाजूनं लिहिलाय.

आधी निदान पक्कं करा

"नसा कमजोर झाल्यात" हे निदान नव्हे. हातापायांची आग, मुंग्या, बधिरपणा यांची काही कारणं औषधानं आवरता येतात आणि ती तपासल्याशिवाय चाचणीचा विचारही करू नये. बी-१२ ची कमतरता हे आपल्याकडचं नेहमीचं कारण आहे. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये बी-१२ आणखी खाली जातं आणि सगळा दोष साखरेवर ढकलला जातो. थायरॉइड, दारू, मनगटात किंवा मणक्यात दबलेली नस, टीबीच्या गोळ्यांमधला आयसोनियाझिड हीही कारणं असतात. कुष्ठरोग गेला असं समजू नका. बधिर चट्टा आणि कोपरापाशी जाड झालेली नस दिसली तर सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो आणि वेळेत दिलेल्या स्टेरॉइडनं नस वाचू शकते. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत पुण्यात ज्याची साथ आली तो हातपाय झपाट्यानं लुळे पाडणारा जीबीएस, यावर इम्युनोग्लोब्युलिन आणि प्लाझ्मा बदलणं हे सिद्ध झालेले उपचार आहेत. तिथं तासांना किंमत असते, त्यामुळे ट्रायल शोधत बसायचं नाही.

अपघातात तुटलेल्या नसेचंही तसंच. दुचाकीवरून पडून खांद्याजवळच्या नसांचा जुडगा ओढला गेला आणि हात लुळा पडला, असे तरुण आपल्या भागात कमी नाहीत. नस वाढते, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. खांद्यापासून बोटांपर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे दोन वर्षांचा हिशोब होतो. तोवर नसेविना राहिलेला स्नायू सुकत जातो, आणि साधारण दीड वर्षानंतर त्याला नस मिळाली तरी फारसा उपयोग होत नाही. म्हणून नस जोडण्याची किंवा दुसरीकडची नस वळवून आणण्याची शस्त्रक्रिया पहिल्या तीन ते सहा महिन्यांत व्हायला हवी. हे महिने "नवीन इंजेक्शन येतंय म्हणे" या वाटेवर घालवणं हे मी पाहिलेलं सगळ्यात मोठं नुकसान आहे.

यातलं काहीच लागू नसेल आणि निदान पक्कं असेल, तर फाइल तयार करा. एमआरआयचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडी लागते. एनसीव्ही आणि ईएमजी, म्हणजे करंट देऊन केलेली नसांची आणि स्नायूंची तपासणी, तिचे आकड्यांसकटचे कागद ठेवा. बी-१२, एचबीए१सी, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या आणि ईसीजी अलीकडचे असू द्या. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी किंवा ड्युशेनसारख्या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारात जनुकीय तपासणीचा अहवाल नसेल तर पुढचं बोलणंच होत नाही.

या सगळ्याच्या वर एक कागद स्वतःच्या हातानं लिहा: पहिलं लक्षण कधी दिसलं. एएलएसच्या बऱ्याच चाचण्यांमध्ये लक्षणं सुरू होऊन दीड-दोन वर्षांच्या आतलेच पेशंट घेतात आणि फुप्फुसाची ताकद ठरावीक टक्क्यांच्या वर असावी लागते. "दोन-तीन वर्षं झाली असतील" असं सहज बोलून गेलात की नाव बाद. तारीख आठवत नसेल तर हंगाम आठवा. कारखान्याचा बॉयलर पेटला तेव्हा चप्पल पायातून निसटायला लागली होती का, की चैत्रात जोतिबाच्या यात्रेला चालताना पाय अडखळला? त्यावरून महिना काढता येतो. तारीख ओढूनताणून मात्र बसवू नका, जुन्या केसपेपरवर ती कुठंतरी लिहिलेली असतेच.

अपेक्षा किती ठेवायची

पहिल्या टप्प्यात औषध थोड्या लोकांना देऊन ते सोसतं का, किती डोस चालतो ते पाहतात. दुसऱ्यात परिणामाची चाहूल शोधतात. तिसऱ्यात शेकडो-हजारो पेशंटवर प्रचलित उपचाराशी किंवा प्लासिबोशी, म्हणजे दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळीशी किंवा इंजेक्शनशी, तुलना होते. चौथा टप्पा औषध बाजारात आल्यानंतरचा. एवढं पुरे.

खरं समजून घ्यायचं ते हे, की दुसऱ्या टप्प्यात आशा दाखवलेलं औषध तिसऱ्यात आपटतं, आणि मेंदू-मज्जेच्या आजारांत हे वारंवार झालंय. मधुमेही न्यूरोपॅथीसाठी नसेच्या वाढीचा घटक, म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, इंजेक्शननं देऊन पाहिला होता. छोट्या चाचण्यांत फायदा दिसला. मग १,०१९ पेशंटवर ४८ आठवड्यांची मोठी चाचणी झाली, २००० साली तिचे निष्कर्ष छापून आले आणि प्लासिबोपेक्षा फरक नाही असं निघालं. एएलएसवरचं रेलिव्हरिओ तर अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूरही झालं होतं. मार्च २०२४ मध्ये त्याची मोठी चाचणी अपयशी ठरली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीनं औषध बाजारातून काढून घ्यायचं ठरवलं. उलट बाजूही आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीच्या ज्या बाळांना पूर्वी दोन वर्षांपलीकडे आयुष्य मिळत नसे, त्यांच्यासाठी २०१६ ते २०२० या काळात तीन औषधं आली. ती तीनही चाचण्यांमधूनच आली.

म्हणून घरच्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवा. चाचणीचा हेतू औषध चालतं का हे शोधण्याचा असतो. तुमच्या माणसाला बरं करणं हा त्या कागदावर लिहिलेला हेतू नसतो. हे सांगताना माझ्याही जिवावर येतं, पण न सांगता सही झाली की सहा महिन्यांनी राग डॉक्टरवर निघतो.

चाचणी शोधायची कुठं

फॉरवर्ड मेसेजवरून नव्हे. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, २००७ मध्ये सुरू केलेली क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, थोडक्यात सीटीआरआय, ही नोंदवही सगळ्यांसाठी खुली आणि मोफत आहे. १५ जून २००९ पासून भारतातल्या औषध-चाचण्यांची नोंद तिथं बंधनकारक आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. साइट इंग्रजीत आहे. कॉलेजात जाणाऱ्या भाचीला किंवा पुतण्याला शेजारी बसवा.

आजाराचं इंग्रजी नाव टाकून शोधा आणि प्रत्येक नोंदीत मोजक्या जागी बघा. 'रिक्रूटमेंट स्टेटस' मध्ये भारतासाठी 'ओपन टू रिक्रूटमेंट' लिहिलंय का? 'साइट्स ऑफ स्टडी' मध्ये कोणती गावं आहेत? निवडीचे आणि वगळण्याचे निकष काय आहेत? 'रेग्युलेटरी क्लिअरन्स' मध्ये औषध महानियंत्रकांची परवानगी मिळालेली आहे, की 'नॉट अ‍ॅप्लिकेबल' आहे? पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीनं मंजुरी दिलीय का? पैसा कोणाचा? शेवटी 'पब्लिक क्वेरी' साठी दिलेला माणूस आणि फोन. तो नंबर तुमच्यासारख्यांनी फोन करावा म्हणूनच असतो, बिनधास्त करा.

दोन गोष्टींनी फसायला होतं. एक, सीटीआरआय क्रमांक म्हणजे सरकारची पसंती नव्हे, ती फक्त नोंद आहे. कोणाच्या जाहिरातीत तो क्रमांक ठळक छापलेला दिसला तर नोंद उघडून आत काय लिहिलंय ते वाचा. दुसरं, तिथं मेडिकल कॉलेजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे अभ्यास, आयुर्वेदाचे, फिजिओथेरपीचे, योगाचे असे सगळे प्रयोग असतात. आधीच मंजूर असलेल्या औषधाचा नवा उपयोग तपासणाऱ्या, बाजाराचा हेतू नसलेल्या शैक्षणिक चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते, महानियंत्रकांची पूर्वपरवानगी दर वेळी लागत नाही. अशा अभ्यासात सहभागी व्हायला हरकत नाही. फक्त इजा झाली तर खर्च कोण करणार, हे तिथं जास्त नेटानं विचारा.

तुमची फाइल आणि नोंदीतले निकष घेऊन आधी इथल्याच न्यूरॉलॉजिस्टकडे जा. त्यांना डावलून परस्पर पुण्याला गेलात तर पुढं अडचण तुमचीच आहे, कारण रात्री-अपरात्री तेच लागणार आहेत.

फोनवर आणि पहिल्या भेटीत

केंद्रात फोन बहुधा स्टडी कोऑर्डिनेटर उचलतात. त्यांना वय, निदान, पहिल्या लक्षणाचा महिना, चालू औषधं आणि कोल्हापूरहून येणार आहोत हे एका दमात सांगा. मग विचारा: भेटी किती, किती दिवसांच्या अंतरानं, त्यातल्या किती फोनवर चालतील, प्रवासाचे पैसे मिळतात का, सोबतच्या माणसाचे मिळतात का, आणि मुक्काम करावा लागला तर काय. व्हीलचेअरवरच्या पेशंटला एसटीनं आणता येत नाही हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांच्या लक्षात येईलच असं नाही.

चालू औषधं सगळी सांगायची. पुष्कळ चाचण्यांमध्ये आधी काही आठवडे ठरावीक औषधं बंद ठेवतात, त्याला वॉशआउट म्हणतात. न्यूरोपॅथीच्या चाचणीत प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन यांवर बहुतेक बंधन असतं. ती स्वतःच्या मनानं एका दिवसात तोडू नका, उतरत्या डोसनं बंद करावी लागतात. वैद्यांचं चूर्ण, भस्म, गावातल्या माणसाकडची पुडी, जिममधली पावडर, मावा, दारू हेही सांगा. इथं लाज आड येते, मला माहीत आहे. पण काही पुड्यांत स्टेरॉइड किंवा शिसं-पारा निघालेला आहे, आणि शिशानं स्वतःच नस मरते. चाचणीत गडबड झाली तर दोष कशाचा हे मग कोणालाच कळणार नाही.

बाईमाणसासाठी एक वेगळी सूचना. मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा मायग्रेनच्या चाचण्यांत तरुण स्त्रिया बऱ्याच असतात आणि गर्भधारणा चाचणी व गर्भनिरोधन या अटी त्यांना पाळाव्या लागतात. काही चाचण्यांत पुरुषांनाही. हे बोलणं सासू-सासऱ्यांसमोर, दिरासमोर करायला लावू नका. तिला डॉक्टरांशी एकटीनं बोलायची वेळ मागून घ्या. ती मिळते.

संमतीचा कागद

चाचण्यांचे आजचे नियम म्हणजे १९ मार्च २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम. त्याआधीच्या काळात अपुऱ्या संमतीवर सह्या घेतल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या होत्या. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं २०१२ मध्ये केलेली याचिका त्यातलीच. आजचा कागद जाडजूड असतो त्यामागे हा इतिहास आहे.

माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळालं पाहिजे, म्हणजे आपल्यासाठी मराठीत, आणि सीमेपलीकडच्या निपाणीच्या माणसाला हवं तर कन्नडमध्ये. पहिल्या भेटीत सही करायची नाही. कागद घरी आणा, रात्री जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचा. वाचता येत नसेल तर संपूर्ण संमतीच्या वेळी चाचणीशी संबंध नसलेला निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. पेशंटला निर्णय घेता येत नसेल, म्हणजे स्मृतिभ्रंश वाढलेला असेल किंवा तो बेशुद्ध असेल, तर कायदेशीर प्रतिनिधी सही करतो. असुरक्षित गटातल्या व्यक्तीवर नव्या रेणूची, म्हणजे अगदी नव्या औषधाची, चाचणी असेल तर संमतीचं दृक्‌श्राव्य चित्रण करतात. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांच्या बाबतीत ओळख झाकली जावी म्हणून फक्त आवाज नोंदवतात.

कागदात या जागा पेन्सिलीनं खुणा करून ठेवा:

प्लासिबो गटाला नक्की काय मिळणार? चालू उपचारावर वरून नवं औषध किंवा वरून प्लासिबो, अशी रचना असेल तर तुम्ही निदान एएलएसवरच्या रिल्युझोलसारख्या चालू औषधापासून वंचित राहत नाही. नुसताच प्लासिबो असेल तर का, ते विचारा. जीबीएसच्या एका नव्या औषधाची तिसऱ्या टप्प्याची चाचणी बांगलादेश आणि फिलिपिन्समध्ये २४१ पेशंटवर झाली, २०२४ मध्ये तिचे निकाल आले. ती प्लासिबोशी तुलना करून झाली, कारण तिथं बहुतेकांना इम्युनोग्लोब्युलिन परवडतच नाही. निकाल चांगला आला. तरी, गरिबीमुळे न मिळणारा उपचार हा "उपलब्ध नसलेला उपचार" धरायचा का, हा प्रश्न मला अजून टोचतो. तुमच्या कागदावर तो प्रश्न वेगळ्या शब्दांत लिहिलेला असू शकतो.

यश कशानं मोजणार? एएलएसमध्ये बोलणं, गिळणं, लिहिणं, चालणं, श्वास अशा बारा प्रश्नांची ४८ गुणांची मोजपट्टी असते. दुखण्यासाठी ० ते १० चा आकडा. तुम्हाला हवंय ते, म्हणजे समजा जिना चढणं, त्यात मोजलंच जाणार नसेल तर तेही आधी माहीत असावं.

काढलेलं रक्त, मणक्यातलं पाणी, जनुकीय नमुने कुठं जाणार, किती वर्षं ठेवणार? यातल्या पुढच्या वापराला वेगळा नकार देता येतो.

आणि शेवटच्या पानावरचे दोन फोन: प्रमुख अन्वेषकांचा, म्हणजे त्या केंद्रात चाचणी चालवणाऱ्या डॉक्टरांचा, आणि नैतिकता समितीच्या सदस्य सचिवांचा. ही समिती किमान सात जणांची असते. तिच्यात कायद्याचा जाणकार, एक स्त्री, एक सामान्य नागरिक असावे लागतात आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे. डॉक्टरांशी बोलून उपयोग झाला नाही तर तुमची तक्रार ऐकणारी जागा हीच. सही केलेल्या प्रतीची एक प्रत तुमच्याकडे आलीच पाहिजे. चाचणीतून केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

घरचे दिवस

सही झाल्यावर खरं काम कोल्हापुरात सुरू होतं.

पाकिटात ट्रायल कार्ड ठेवा, त्यावर चाचणीचा क्रमांक आणि चोवीस तासांचा नंबर असतो. त्याची झेरॉक्स फ्रिजवर आणि सोबत राहणाऱ्या माणसाच्या मोबाइलमध्ये. मग जवळचं कोणतं इस्पितळ, सीपीआर असो की तुमच्या भागातलं खासगी, हे घरात ठरवून टाका. इथल्या डॉक्टरांना चाचणीचं नाव, औषधाची माहिती आणि अन्वेषकांचं पत्र आधीच देऊन ठेवा. रात्री दोन वाजता आकडी आली, छातीत दुखलं, अंगावर पुरळ उठलं, तर पुण्याला निघायचं नाही. आधी इथं दाखल व्हायचं, आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना कार्डावरच्या नंबरवर फोन लावून द्यायचा. जीव धोक्यात असेल तर पेशंट औषधावर आहे की प्लासिबोवर, हे त्यांना तातडीनं उघड करून घेता येतं. बिलं, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, सगळं जपा.

भेटीची तारीख ठरावीक दिवसांच्या आतच पाळावी लागते, तीन दिवस इकडं की तिकडं असं काहीतरी. पावसाळ्यात इथं ती अडचण होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि औषधाची पेटी इकडं आणि पेशंट तिकडं अशी वेळ येऊ शकते हे सगळ्यांना कळलं. जुलै-ऑगस्टमधल्या भेटींबद्दल आधीच कोऑर्डिनेटरशी बोला: आठवडाभराचं औषध जास्त देता येईल का, रक्त इथल्या लॅबमध्ये घेता येईल का. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढायला लागली की त्यांना फोन करा, धोक्याच्या खुणेपर्यंत थांबू नका.

फ्रिजमध्ये ठेवायचं इंजेक्शन बहुतेक २ ते ८ अंशांत लागतं. दारातल्या कप्प्यात ठेवू नका आणि बर्फाच्या कप्प्यात तर अजिबात नको. वीज किती वेळ गेली ते वहीत लिहा. शंका आली तर ते टोचण्याआधी फोन करा.

उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल आणि रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघणार असाल, तर मधुमेही पेशंटनं रात्रीचं इन्सुलिन आणि सकाळची गोळी कधी घ्यायची हे आदल्या भेटीतच लिहून घ्या. गाडीत साखर उतरण्याचा धोका खरा आहे. खिशात गुळाचा खडा असू द्या, उपास मोडला तरी चालेल.

डायरी त्याच दिवशी भरा. आठ दिवसांची एकदम भरलेली डायरी अनुभवी माणसाला शाईवरून कळते. आणि डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून "झकास आहे, साहेब" म्हणू नका. आपल्याकडं मोठ्या डॉक्टरांसमोर रडगाणं गायचं नाही अशी रीत आहे. दुखण्याच्या चाचण्यांत प्लासिबोवरच्या लोकांनाही बऱ्यापैकी आराम वाटतो, त्यात ही भीड मिसळली की चांगलं औषधही निरुपयोगी ठरू शकतं. सात असेल तर सात सांगा. वेटिंग रूममध्ये इतर पेशंटशी "तुमची गोळी कडू लागते का" अशी जुळवाजुळव करू नका, कॅप्सूल उघडून तर बघूच नका.

न्यूरोपॅथीवाल्यांना आणखी एक. बधिर पायांनी अनवाणी जोतिबाचा डोंगर चढणं, गरम पाण्यात पाय बुडवून बसणं हे चाचणी नसतानाही टाळायचं. चाचणीत असताना तो फोड प्रतिकूल घटना म्हणून नोंदला जातो, आणि नोंदवला नाही तर तुमच्या हक्काचा मुद्दा कच्चा होतो. नवस बोललेला असेल तर देवाकडून मुदत वाढवून घ्या.

इजा झाली तर

गंभीर प्रतिकूल घटना, म्हणजे मृत्यू, दाखल व्हावं लागणं, कायमचं अपंगत्व वगैरे, कळल्यापासून २४ तासांत अन्वेषकांनी महानियंत्रक, प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी किंवा संस्था) आणि नैतिकता समिती या तिघांना कळवायची असते. १४ दिवसांत कारणमीमांसेसह अहवाल जातो. म्हणून तुम्ही इथं दाखल झालात ही बातमी तिकडं त्याच दिवशी पोचली पाहिजे. घड्याळ त्यांना कळल्यावर चालू होतं.

इजेवरचा उपचार मोफत द्यावा लागतो, अन्वेषकांच्या मते गरज असेल तोवर किंवा इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर. संबंध सिद्ध झाला तर भरपाई वेगळी. मृत्यूसाठीचं सूत्र असं: ८ लाख रुपये गुणिले वयाचा घटक गुणिले जोखमीचा घटक, भागिले ९९.३७. वयाचा घटक ६५ वर्षं आणि त्यापुढे ९९.३७ असतो, वय कमी तसा तो वाढतो. जोखमीचा घटक अगदी शेवटच्या अवस्थेतल्या पेशंटसाठी ०.५ पासून निरोगी माणसासाठी ४ पर्यंत. म्हणजे ६८ वर्षांच्या, मध्यम जोखमीच्या, घटक २ असलेल्या पार्किन्सनच्या पेशंटसाठी हिशोब १६ लाखांचा येतो. शंभर टक्के कायमच्या अपंगत्वाला मृत्यूच्या भरपाईच्या ९० टक्के. आदेश मिळाल्यावर प्रायोजकानं ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात. प्रोटोकॉल, म्हणजे चाचणीची मंजूर झालेली पद्धत, मोडल्यामुळे, डॉक्टरांच्या निष्काळजीपणामुळे किंवा उपलब्ध उपचार न देता प्लासिबो दिल्यामुळे झालेली इजाही यात धरली जाते. हे आकडे कोणी आपण होऊन सांगत नाही, म्हणून इथं दिले.

पैसे मागितले तर उठा

खऱ्या चाचणीत तपासल्या जाणाऱ्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. लाखो रुपये घेऊन पाठीत स्टेम सेल टोचणारे मात्र "संशोधन" हाच शब्द वापरतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे कर्करोग आणि तत्सम आजारांसाठीचं रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात आणि त्यासाठी पेशंटला पैसे मागता येत नाहीत. मणक्याची दुखापत, सेरेब्रल पाल्सी, एएलएस, सगळं त्यात आलं. जमीन विकून असं इंजेक्शन घेतलेली घरं या जिल्ह्यात आहेत. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीसारख्या दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरणाखाली निवडक उत्कृष्टता केंद्रांमधून ५० लाखांपर्यंतची मदत मिळू शकते, मुंबईचं केईएम त्यातलं एक आहे. जमिनीचा कागद बाहेर काढण्याआधी तिथं एक फेरी मारा.

बाहेर पडताना आणि संपल्यावर

मधेच थांबायचं ठरलं तर फोन बंद करून गायब होऊ नका. एक शेवटची तपासणी करून घ्या, उरलेल्या गोळ्या परत करा. काही औषधं हळूहळूच उतरवावी लागतात.

औषधानं तुम्हाला स्पष्ट फायदा झाला असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर अन्वेषकांची शिफारस आणि नैतिकता समितीची मंजुरी यांवर चाचणीनंतरही ते मोफत देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. ती आपोआप लागू होत नाही, लेखी अर्ज करा. तुम्ही कोणत्या गटात होता हे निकाल खुले झाल्यावर विचारता येतं, तेही लेखीच विचारा, कारण दोन वर्षांनी कोऑर्डिनेटर बदललेले असतात. सीटीआरआयची नोंद अधूनमधून उघडून बघत राहा.

चाचणी संपण्याच्या महिनाभर आधी इथल्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेऊन ठेवा. सुरुवातीला बंद केलेली औषधं पुन्हा सुरू करायची का, कोणत्या डोसपासून, आणि पुढचा एनसीव्ही कधी, हे पुण्याच्या शेवटच्या भेटीच्या सारांशपत्रावर लिहून आणा. पत्र टाइप झालेलं नसेल तर तिथंच बसून राहा, "मेल करतो" वर निघू नका.